देवदत्ताच्या पाच मागण्या : सुधारकत्वाच्या एका दाव्याची परीक्षा

दि. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या भाषणात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एका ऐतिहासिक सत्याकडे सभागृहाचे लक्ष वेधले होते. संसदीय कार्यपद्धती भारताला अपरिचित नव्हती. प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतगणना, गुप्त मतदान, निंदाव्यंजक ठराव या सर्वांचे नियम बौद्ध भिक्खुसंघाला ठाऊक होते व तो ते पाळीत होता, हे त्यांनी आवर्जून सांगितले. या विधानाचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. परंतु जेथे मतदान असते तेथे उमेदवारही असतो, आणि उमेदवार आपण सुधारक असल्याचा दावाही करतो. असा दावा संघासमोर आला तेव्हा काय घडले, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गातील सातव्या, म्हणजे संघभेदक खन्धकात या प्रश्नाचे सविस्तर उत्तर आहे. तो उमेदवार म्हणजे देवदत्त होय.

देवदत्त हा दुष्ट होता, त्याने शिळा लोटली, नालागिरी हत्ती सोडला, एवढेच बहुतेकांना माहीत असते. त्यामुळे देवदत्ताचा प्रसंग ही एक नीतिकथा होऊन बसली आहे. वस्तुतः खलपुरुषाला ओळखणे अवघड नसते. अवघड असते ते सुधारकाच्या वेषात आलेल्या सत्ताकांक्षेला ओळखणे, आणि त्याहून अवघड असते तिचा प्रतिवाद सत्य न सोडता करणे. संघाने ही दोन्ही कामे कशी केली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दाव्यापूर्वीची मागणी

अनुपिया येथे भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किम्बिल व देवदत्त हे सहा शाक्य प्रव्रज्येसाठी आले. त्यांच्याबरोबर उपालि नावाचा नापित होता. शाक्यांचा कुलाभिमान गळावा म्हणून उपालीला आपल्याआधी प्रव्रज्या द्यावी, अशी विनंती त्या शाक्यपुत्रांनीच केली आणि तथागतांनी ती मान्य केली. ज्येष्ठतेच्या नियमानुसार यापुढे शाक्यकुमारांनी नापिताला वंदन करावयाचे होते. देवदत्ताची संघातील वाटचाल ज्या दिवशी सुरू झाली त्या दिवसाचा हा संदर्भ विसरता कामा नये.

पुढे देवदत्ताने राजपुत्र अजातशत्रूला प्रसन्न करून घेतले. राजपुत्र पाचशे रथांसह सकाळ-सायंकाळ त्याच्या सेवेस येऊ लागला व पाचशे स्थाळ्यांचे अन्न पाठवू लागला, असे विनयात म्हटले आहे. लाभ, सत्कार आणि कीर्ती यांनी वेढलेल्या देवदत्ताच्या मनात भिक्खुसंघाचे नेतृत्व आपण करावे ही इच्छा उत्पन्न झाली. एके दिवशी राजासह मोठी परिषद बसली असता तो आसनावरून उठला, उत्तरासंग एका खांद्यावर घेतला आणि हात जोडून म्हणाला की, भगवान आता वृद्ध झाले आहेत, त्यांनी सुखाने विहरावे आणि भिक्खुसंघ माझ्या स्वाधीन करावा. त्याने ही मागणी तीनदा केली. तथागतांनी कठोर शब्दांत ती नाकारली. सारिपुत्त व मोग्गल्लान यांच्याकडेही मी संघ सोपविणार नाही, मग तुझ्याकडे कसा सोपवीन, असा त्या उत्तराचा आशय होता.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेणे अगत्याचे आहे. पहिली, संघ ही कोणाच्या हाती सोपविण्याची वस्तू आहे ही कल्पनाच तथागतांनी अमान्य केली. पट्टशिष्यांनाही ते वारसा देत नाहीत. दुसरी, या पहिल्या मागणीत सुधारणेचा एक शब्दही नाही. संघात शैथिल्य आले आहे, विनय ढिला झाला आहे, असे देवदत्त या वेळी म्हणत नाही. आधी सत्तेची मागणी आली. ती फेटाळली गेल्यावरच सुधारणेची गरज भासू लागली.

जाहीर निवेदन आणि सारिपुत्ताची अडचण

यानंतर तथागतांनी संघाला ‘पकासनीय कम्म’ करण्यास सांगितले. राजगृहात जाहीर करावयाचे होते ते असे की, देवदत्ताची प्रकृती पूर्वी एक होती, आता ती निराळी आहे. येथून पुढे तो काया-वाचेने जे करील त्यात बुद्ध, धम्म किंवा संघ पाहू नये, ते केवळ देवदत्ताचे कृत्य समजावे. हे कर्म ञत्तिदुतिय पद्धतीने, म्हणजे एकदा ज्ञप्ती मांडून व एकदा घोषणा करून, संघाच्या संमतीने झाले. आजच्या भाषेत, एखाद्या व्यक्तीला संस्थेच्या वतीने बोलण्याचा अधिकार उरलेला नाही, असे जाहीर करण्याचा हा रीतसर ठराव होता. त्यात देवदत्ताला शाप नाही, दंड नाही, हद्दपारी नाही.

हे निवेदन करण्याची जबाबदारी सारिपुत्तावर आली तेव्हा त्याने जी अडचण मांडली ती मला या संपूर्ण खन्धकातील सर्वांत महत्त्वाची वाटते. तो म्हणाला की, याच राजगृहात मी पूर्वी देवदत्ताच्या सामर्थ्याची स्तुती केली आहे, आता त्याच्याविरुद्ध घोषणा कशी करू? तथागतांनी विचारले की, ती स्तुती खरी होती ना? सारिपुत्ताने होकार दिला. तेव्हा तथागतांनी सांगितले की, जशी ती खरी होती तसेच हे निवेदनही खरे आहे, म्हणून ते कर.

विरोधकाचा प्रतिवाद करताना त्याचा भूतकाळ काळा करण्याचा मोह फार मोठा असतो. काल ज्याला आपण गौरविले तो आज विरोधात गेला की तो प्रथमपासूनच नीच होता, असे आपण म्हणू लागतो. तथागत सारिपुत्ताला जुनी स्तुती परत घ्यावयास सांगत नाहीत. कालचे सत्य कालचे आहे, आजचे सत्य आजचे आहे.

या निवेदनानंतर राजगृहात एकमत झाले नाही, हेही विनयकारांनी प्रामाणिकपणे नोंदविले आहे. शाक्यपुत्रीय श्रमण देवदत्ताच्या लाभ-सत्काराचा मत्सर करतात, असे अश्रद्ध लोक म्हणू लागले. ज्या अर्थी भगवंतांनी हे जाहीर करविले त्या अर्थी ही सामान्य बाब नसावी, असे सुज्ञ लोक म्हणाले. सत्य बोलले की सर्व लोक आपल्या बाजूला येतात, असा भाबडा विश्वास या ग्रंथात नाही.

पाच मागण्या

यापुढे पितृहत्येस चिथावणी, मारेकरी, शिळा आणि हत्ती हे प्रसंग येतात. लोकमत देवदत्ताच्या विरोधात गेले आणि त्याचा लाभ-सत्कार आटला. तेव्हा त्याने कोकालिक, कटमोदकतिस्सक, खण्डदेवीपुत्त व समुद्ददत्त या चौघांना हाताशी धरून संघभेदाची योजना आखली. श्रमण गोतमाच्या संघात भेद कसा पाडता येईल, असा प्रश्न कोकालिकाने केला. देवदत्ताचे उत्तर असे की, आपण पाच मागण्या करू. गोतम त्या मान्य करणार नाही. मग आपण त्या घेऊन लोकांकडे जाऊ, कारण लोक रुक्ष आचरणावर प्रसन्न होतात. पालीत यासाठी ‘लूखप्पसन्न’ असा शब्द आहे. मागण्या फेटाळल्या जाव्यात म्हणूनच केल्या होत्या, हे यावरून उघड होते.

त्या पाच मागण्या अशा : भिक्खूंनी आजीवन अरण्यात राहावे, आजीवन भिक्षेवर जगावे, निमंत्रण स्वीकारू नये, आजीवन पांसुकूल, म्हणजे टाकलेल्या चिंध्यांचीच चीवरे वापरावीत, गृहस्थांनी दिलेले वस्त्र घेऊ नये, आजीवन वृक्षाखाली राहावे, छताखाली जाऊ नये, आणि आजीवन मासे व मांस खाऊ नये. जो याविरुद्ध वागेल तो दोषी ठरावा.

तथागतांच्या उत्तरात देवदत्ताच्या पूर्वकृत्यांचा उल्लेखही नाही. हत्ती व शिळा यांचा आधार घेऊन मागण्या उडवून लावणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी मागण्यांना मागण्या म्हणूनच उत्तर दिले. ज्याला इच्छा असेल त्याने अरण्यात राहावे, ज्याला इच्छा असेल त्याने गावात राहावे. भिक्षा व निमंत्रण, पांसुकूल व गृहस्थचीवर यांबाबतही तसेच. वृक्षाखालील निवासास आठ महिने अनुज्ञा आहेच. जे मांस आपल्यासाठी मारलेले पाहिले नाही, ऐकले नाही आणि ज्याविषयी तशी शंकाही नाही, ते त्रिकोटिपरिशुद्ध होय.

तपस्वी जीवनाला तथागतांचा विरोध नव्हता. महाकस्सप वृद्धपणीही अरण्यवास व पांसुकूल सोडीना आणि तथागतांनी त्याची प्रशंसा केली, असे संयुत्तनिकायात आले आहे. मतभेद होता तो ‘आजीवन’ आणि ‘दोष’ या दोन शब्दांवर. स्वेच्छेने स्वीकारलेले व्रत सर्वांवर लादून त्याला पावित्र्याचे माप बनवावयाचे काय, हा खरा प्रश्न होता.

मागण्या मान्य झाल्या असत्या तर

कोणत्याही सुधारणेबद्दल विचारावयाचा पहिला प्रश्न असा की, तिच्यामुळे कोणाची बेडी तुटते आणि कोणासाठी दार बंद होते? देवदत्ताच्या मागण्या या कसोटीवर घासून पाहू.

निमंत्रण निषिद्ध ठरले असते तर वैशालीच्या आम्रपालीचे निमंत्रण तथागतांना स्वीकारता आले नसते. लिच्छवींनी ते भोजन आपल्याला मिळावे म्हणून तिला मोठ्या मोबदल्याचे आमिष दाखविले, तरी तिने ते सोडले नाही आणि तथागतांनीही लिच्छवींसाठी गणिकेला दिलेला शब्द मोडला नाही. पावा येथील कम्मारपुत्र चुन्दाच्या घरचे अखेरचे भोजनही घडले नसते. भिक्षापात्रात घास टाकणे वेगळे आणि संघाला घरी बोलावून जेवू घालणे वेगळे. दुसऱ्या कृतीत दात्याच्या घराला व हाताला प्रतिष्ठा मिळते. ज्या समाजात कोणाच्या घरी जेवावे यावर माणसाचे स्थान ठरते, त्या समाजात निमंत्रण स्वीकारणे ही सामाजिक क्रांती असते.

अरण्यवास सक्तीचा झाला असता तर संघ बहुजनांपासून दूर गेला असता. वेळुवन देताना बिंबिसाराने विचार केला तो हाच की, जागा गावापासून फार दूर नसावी व फार जवळही नसावी. लोकांना येण्या-जाण्यास सोयीची असावी. शिवाय अरण्यात राहणे असुरक्षित ठरल्याने भिक्खुणींना विनयाने अरण्यवास वर्ज्य केला आहे, आणि दर पंधरवड्यास त्यांनी भिक्खुसंघाकडून उपदेश घ्यावयाचा आहे. सर्व भिक्खू वनात निघून गेले असते तर भिक्खुणीसंघाचे काय झाले असते? देवदत्ताच्या योजनेत स्त्रियांचा विचार कोठेही दिसत नाही. वृद्ध, रुग्ण व दुर्बळ भिक्खूंचाही दिसत नाही.

छत वर्ज्य झाले असते तर विहार उभे राहिले नसते. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत कार्ले, कान्हेरी, जुन्नर, नाशिक येथील लेण्यांत व्यापारी, कारागीर, गृहिणी, भिक्खू व भिक्खुणी यांच्या दानाचे शिलालेख आहेत. सामान्य माणसाचे नाव पाषाणावर कोरले जाण्याची जी थोडी स्थाने प्राचीन भारतात होती, त्यांपैकी ही प्रमुख होत. विहार नाही म्हणजे नालंदाही नाही.

मांसनिषेधाविषयी अधिक काय सांगावे? माणूस काय खातो यावरून त्याची पवित्रता ठरविण्याची रीत या देशात किती माणसांना गावकुसाबाहेर घेऊन गेली, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. सुत्तनिपातातील आमगन्धसुत्ताचा आशय हाच आहे की, दुर्गंधी मांसाहारात नसून हिंसा, चोरी, असत्य आणि कपट यांत आहे.

तेव्हा देवदत्ताच्या मागण्या कडक होत्या, पण त्यांपैकी एकही मागणी कोणाला मुक्त करणारी नव्हती. उपालीला आधी प्रव्रज्या देणे ही सुधारणा होती. वृक्षाखाली झोपणे ही, फार तर, साधना होय.

शलाका आणि गयासीस

मागण्या नाकारल्या गेल्याने देवदत्त हर्षित झाला व राजगृहात प्रचार करू लागला. हे श्रमण तपस्वी आहेत, गोतम मात्र सुखलोलुप आहे, असे काही लोक म्हणू लागले. उपोसथाच्या दिवशी देवदत्ताने उभे राहून शलाका दिल्या व पाच मागण्या ज्यांना मान्य असतील त्यांनी त्या घ्याव्यात, असे सांगितले. वैशालीच्या पाचशे वज्जिपुत्तक भिक्खूंनी शलाका घेतल्या. ते नवखे होते, विनयाचे त्यांना अल्पज्ञान होते, आणि हाच धम्म व हेच शास्त्याचे शासन असे समजून त्यांनी तसे केले, असे ग्रंथकार स्पष्ट नमूद करतो.

मतदान झाले एवढ्याने निर्णय धम्मसंमत होत नाही. चुल्लवग्गाच्या चौथ्या खन्धकात शलाकाग्रहणाचे नियम आहेत. शलाका देणारा संघाने नेमलेला असावा. तो छंद, द्वेष, मोह व भय यांच्या आहारी न जाणारा असावा. मतदानाने संघ फुटेल हे ठाऊक असताना, किंवा तो फुटावा या हेतूने, घेतलेले मतदान अधर्म्य मानले आहे. देवदत्ताच्या प्रसंगात अशा नेमणुकीचा उल्लेख नाही. प्रस्ताव मांडणारा, प्रचार करणारा आणि शलाका देणारा एकच होता. कार्यपद्धतीचे बाह्य रूप होते, तिचा आत्मा नव्हता.

पाचशे भिक्खूंना घेऊन देवदत्त गयासीसाला गेला. हे कळताच त्या नवख्या भिक्खूंबद्दल तुम्हाला करुणा वाटत नाही काय, असे तथागतांनी सारिपुत्त व मोग्गल्लान यांना विचारले आणि त्यांचे अहित होण्यापूर्वी तेथे जाण्यास सांगितले. ते दोघे आपल्या बाजूला आले असे देवदत्ताला वाटले. कोकालिकाने सावध केले तरी त्याने ऐकले नाही. रात्री उशिरापर्यंत प्रवचन करून, पाठ दुखते असे सांगून, त्याने सारिपुत्ताला उपदेश करण्यास सांगितले व स्वतः झोपी गेला. तथागतांचे अनुकरण त्याने या लकबीपर्यंत केले होते. सारिपुत्त व मोग्गल्लान यांनी त्या भिक्खूंना धम्म समजावून दिला. नंतर सारिपुत्ताने एवढेच म्हटले की, आम्ही भगवंतांकडे जातो, ज्यांना त्यांचा धम्म रुचत असेल त्यांनी यावे. पाचशेही परतले.

परतलेल्यांना पुन्हा उपसंपदा द्यावी, असे सारिपुत्ताने सुचविले. तथागतांनी ते मानले नाही; थुल्लच्चय आपत्तीची कबुली पुरेशी ठरविली. फसविणारा आणि फसलेला यांत त्यांनी भेद केला. पुढे उपालीशी झालेल्या संवादात, स्वतःचे मत लपवून जो संघभेद करतो तो आणि जो प्रामाणिक समजुतीने भिन्न मत मांडतो तो, यांतही भेद केलेला आहे. प्रामाणिक मतभेदाला धम्मात जागा आहे.

इतिहासाची बाजू

हे सारे वर्णन देवदत्ताच्या विरोधकांनी जतन केलेले आहे, हे अभ्यासकाने लपवू नये. पाचव्या शतकाच्या प्रारंभी आलेल्या फाहियानाने श्रावस्तीच्या परिसरात देवदत्ताचे अनुयायी असल्याचे नोंदविले आहे. ते पूर्वीच्या तीन बुद्धांना मानीत, शाक्यमुनींना मानीत नसत. सातव्या शतकात ह्युएनत्संगाला कर्णसुवर्ण येथे देवदत्ताच्या वचनानुसार दुग्धजन्य पदार्थ न घेणारे तीन विहार आढळले. मूलसर्वास्तिवाद विनयातील पाच मागण्यांची यादीही पालीहून निराळी असून तीत दुधाचा निषेध येतो. रेजिनाल्ड रे यांनी १९९४ मधील ग्रंथात असे प्रतिपादन केले की, देवदत्त हा मूळचा अरण्यवासी साधुपुरुष असावा व विहारवासी परंपरेने त्याला काळे रंगविले असावे.

हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. शिळा आणि हत्ती या कथा उत्तरकालीन मानल्या, तरी प्रस्तुत प्रतिपादनाला धक्का लागत नाही. कारण पाच मागण्यांना दिलेले उत्तर त्या कथांवर उभे नाही. देवदत्त खरोखर साधुपुरुष होता असे गृहीत धरले तरी, एकाचे व्रत सर्वांचा कायदा करावयाचे काय, हा प्रश्न राहतोच, आणि त्याचे उत्तर तेच येते.

आधुनिक काळात याच कसोटीचे एक उदाहरण दि. १४ नोव्हेंबर १९३२ च्या पत्रात सापडते. अस्पृश्यतानिवारणासाठी नव्याने स्थापन झालेल्या, पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेचे चिटणीस अमृतलाल ठक्कर यांना बाबासाहेबांनी ते जहाजावरून लिहिले. व्यक्तीचे दुर्गुण घालवून तिला सुधारण्याचा एक मार्ग आणि तिला दडपणारी परिस्थिती बदलण्याचा दुसरा, असे दोन मार्ग त्यांनी वेगळे केले. सार्वजनिक विहिरी, शाळा व वाहने यांवरील हक्क, रोजगारातील समान संधी आणि सामाजिक व्यवहार हा कार्यक्रम त्यांनी मांडला. त्या पत्राला उत्तर आले नाही, हे त्यांनी १९४५ च्या काँग्रेस व गांधींविषयीच्या ग्रंथात नोंदविले. सुधारकत्वाच्या दाव्याला त्यांनी कार्यक्रमाची कसोटी लावली. या पत्रावर चुल्लवग्गाचा प्रभाव होता असे मला सुचवावयाचे नाही. दोन्हीकडील विचाराची दिशा एक आहे, एवढेच.

आपल्या चळवळीत गेल्या अनेक दशकांत कितीतरी फुटी झाल्या. प्रत्येक फुटीच्या वेळी कोणीतरी स्वतःला सच्चा व दुसऱ्याला भ्रष्ट म्हटले. त्या वेळी आपण कोणते प्रश्न विचारले? आधी पद मागितले गेले की आधी सुधारणा? मागणी मान्य व्हावी म्हणून केली होती की फेटाळली जावी म्हणून? तिच्यामुळे गावातल्या शेवटच्या माणसाला आणि स्त्रीला काय मिळणार होते? आणि प्रतिवाद करताना आपण कालची खरी स्तुती नाकारली नाही ना, फसलेल्यांसाठी दार उघडे ठेवले ना? देवदत्ताला ओळखण्यास पहिले तीन प्रश्न पुरेसे आहेत. उरलेले दोन आपण स्वतःला विचारावयाचे आहेत, आणि संघ टिकला तो त्यांच्या उत्तरांमुळे.